सेकंडहँड सीएनसी प्लाझ्मा टेबल: बघण्यापासून बसवण्यापर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा फॅब्रिकेशनचा शेड आहे. हंगामाआधी ऊस ट्रॉलीचे ड्रॉबार नि हुकाच्या पाट्या, हंगाम संपला की साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं, मधल्या काळात नांगर-कल्टिव्हेटरचे ब्रॅकेट. पहिलं जुनं प्लाझ्मा टेबल (कॉम्प्युटरच्या हुकमानं फिरणारा टॉर्च विजेच्या आर्कनं नि हवेच्या झोतानं लोखंडी प्लेट कापतो, ते मशीन) घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं ४ एमएम पत्र्यावर गणपती कापून दाखवला होता. सोंडेचं वळण इतकं सुरेख आलं की मी तिथंच बयाणा दिला. टेबल शेडात बसलं आणि पहिलं काम निघालं १२ एमएमच्या पाटीचं, तिला १८ एमएमची आठ भोकं. पाटी थंड झाल्यावर आमच्या ऑपरेटरनं एम-१६ चा बोल्ट घातला. तो पाच-सहा मिलिमीटर आत गेला आणि अडकला. व्हर्नियर लावला तर वरून १८ आणि खालून पावणेसोळा.

"मालक, होल गोल आहे की ओ," तो म्हणाला, "पण नरसाळ्यावानी."

त्या नरसाळ्याचं कारण सापडायला तीन आठवडे लागले. टॉर्चची उंची सांभाळणाऱ्या टीएचसी युनिटची सोर्सकडे (आर्कला वीज पुरवणाऱ्या पेटीकडे) जाणारी वायर मुळात जोडलेलीच नव्हती. प्लेट जरा वाकली की टॉर्च वर राहायचा, आर्क लांबायचा आणि भोक वर रुंद, खाली अरुंद व्हायचं. सपाट, छोट्या, पातळ पत्र्यावर हे कधीच दिसलं नसतं. गणपती पातळ पत्र्यावर का कापला, हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून माझा नियम एकच: जुनं टेबल बघायला जाताना प्लेट आपली न्यायची, ड्रॉइंग आपलं न्यायचं आणि कापलेला तुकडा हातात घेऊन मग बोलायचं. खाली सांगितलेलं जवळजवळ सगळं त्या तुकड्याभोवतीच फिरतं.

घ्यायचं का, हे आधी ठरवा

सध्या जुनी प्लाझ्मा टेबलं बाजारात बरीच येतात, त्याचं मोठं कारण फायबर लेझर. पातळ पत्र्याची कामं लेझरकडे गेली, म्हणून पुण्या-हैदराबादकडचे शेडवाले प्लाझ्मा काढून लेझर बसवतात. याचा आपल्याला फायदा आहे, पण फसगतही तिथंच होते. तुमचं बहुतेक काम ४ एमएमच्या आतलं असेल, जाळी, नक्षी, पॅनेल वगैरे, तर टेबल घेऊच नका. ते लेझरवाल्याकडं जॉबवर्कला द्या. कडा साफ येते आणि ग्राइंडरची मजुरी वाचते. ६ ते २० एमएम माइल्ड स्टील रोज लागत असेल, तर प्लाझ्मासारखं परवडणारं दुसरं काही नाही. त्याच्याही वरच्या जाडीला, ४०-५० एमएमला, गॅस कटिंगच बरं. काही जुन्या टेबलांवर प्लाझ्मा आणि गॅस दोन्ही टॉर्च असतात. कारखान्याची कामं करणाऱ्यांनी तसलं टेबल मिळालं तर सोडू नये.

मापाचंही आधीच बघा. आपल्याकडं एचआर (हॉट रोल्ड) शीट बहुतेक १२५० × २५०० एमएममध्ये येते, जाड प्लेट १५०० × ६३०० मध्ये. १५०० × ३००० चं टेबल असलं की शीट अख्खी बसते आणि लांब प्लेट तुकडे करून चढवता येते. १२५० × २५०० ची १० एमएम प्लेट साधारण २४५ किलो भरते. ती चढवायला चेन ब्लॉक लागणार, म्हणजे टेबलाच्या भोवती दोन बाजूंनी जागा लागणार. रुळावर ठेवायचं, एका हाताचं पोर्टेबल मशीन स्वस्त मिळतं. मात्र त्याचा हात जितका लांब तितका टोकाला थरथरतो. नुसत्या पट्ट्या कापायला ते चालेल, फ्लँजला नको.

सोर्स: खरा पैसा इथं आहे

लोखंडी सांगाडा वाकला तर सरळ होतो, मोटर बदलता येते. प्लाझ्मा सोर्स गेला तर मात्र टेबलाच्या निम्म्या किमतीचा फटका बसतो. म्हणून भाव ठरवताना मनात दोन भाग करा: सोर्स वेगळा, बाकीचं वेगळं.

जुन्या बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. एक हायपरथर्मचे पॉवरमॅक्स ४५, ६५, ८५, १०५ वगैरे. दुसरे एलजीके-६३, एलजीके-१००, एलजीके-१२० अशा नावांचे चिनी बनावटीचे. दोन्हींवर काम होतं. मुख्य फरक आर्क पेटवण्याच्या पद्धतीत आहे. पॉवरमॅक्समध्ये इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांना टेकलेले असतात आणि हवेच्या दाबानं सुटताना ठिणगी पडते. बऱ्याच एलजीके सोर्समध्ये हाय फ्रिक्वेन्सीनं, म्हणजे हजारो व्होल्टच्या ठिणगीनं आर्क पेटतो. ही ठिणगी शेजारच्या कॉम्प्युटरला आणि मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला त्रास देते. स्क्रीन गोठते, गॅन्ट्री (टॉर्च घेऊन रुळावर फिरणारा आडवा पूल) मध्येच थांबते, पेनड्राइव्ह ओळखत नाही. अर्थिंग आणि शिल्डेड केबल नीट असतील तर हे आवरतं. त्यामुळे डेमोत सलग वीसेक वेळा आर्क पेटवायला लावा आणि नजर टॉर्चवर न ठेवता स्क्रीनवर ठेवा.

"किती एमएम कापतं?" या प्रश्नाला विकणारा नेहमी सर्वांत मोठा आकडा सांगतो. पॉवरमॅक्स ८५ चं उदाहरण घ्या. कडेपासून सुरू करून तुकडा नुसता वेगळा करायचा असेल तर ३८ एमएमपर्यंत जाईल. कामाचा कट २५ एमएमपर्यंत. आणि प्लेटच्या मध्ये भोक पाडून सुरुवात करायची, म्हणजे पिअर्स, तर २० एमएम. टेबलावर आपलं जवळजवळ प्रत्येक काम पिअर्सपासून सुरू होतं, म्हणून विचारायचा आकडा पिअर्सचा.

दुसरा आकडा ड्युटी सायकलचा. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं कट आणि ४ मिनिटं विसावा, आणि हा हिशोब ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात दुपारी दोनला किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे रोज १२ एमएम कापायचं असेल तर ६३ अँपिअरवर भागवू नका, ८५-१०० चा सोर्स बघा आणि तो थोडा कमी करंटवर चालवा.

सोर्सचं झाकण उघडायला लावा. (नको म्हणाला तर चहा घ्या आणि निघा.) आत काळ्या धुळीचा थर असेल तर ती लोखंडाची धूळ आहे आणि ती वीज वाहते. कार्डांवर जळल्याचे डाग, नव्यानं सोल्डर केलेले जोड, पंख्याचा घरघर आवाज, एवढं बघा. काही सोर्समध्ये आर्क किती तास चालला हे मेनूत दिसतं, तेही काढून घ्या. आणि टॉर्च हँड टॉर्च आहे की मशीन टॉर्च, हे न विसरता बघा. हँड टॉर्चचं डोकं क्लॅम्पमध्ये आवळून चालवलेली टेबलं मी बघितली आहेत. ती कधीच गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाहीत.

आपली प्लेट, आपलं ड्रॉइंग

जायच्या आधी ड्रॉइंगची एक डीएक्सएफ फाइल करून ठेवा. त्यात ३०० एमएमचा चौकोन, त्याच्या आत १०० एमएमचं एक वर्तुळ, आणि २४, १८, १२ एमएमची तीन भोकं. सोबत १० किंवा १२ एमएमचे दोन तुकडे, साधारण ४०० × ४०० चे. जुने कंट्रोलर मोठा पेनड्राइव्ह घेत नाहीत, म्हणून छोटा पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करून न्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशी एवढंच सांगा की मशीन चालू पाहिजे. काय कापणार ते सांगू नका.

एक तुकडा टेबलाच्या त्या कोपऱ्यात कापायला लावा, जिथून ऑपरेटर रोज काम सुरू करतो. दुसरा अगदी समोरच्या, लांबच्या कोपऱ्यात. बहुतेक शेडांत छोटी कामं नेहमी एकाच कोपऱ्यात होतात, त्यामुळे तिथली रॅक (रुळालगतची दातेरी पट्टी) झिजते आणि लांबची नवीसारखी राहते. दोन तुकड्यांत फरक दिसला तर झीज रॅकची आहे. दोन्ही सारखेच खराब आले तर दोष पिनियनचा (रॅकवर फिरणाऱ्या दातेरी चाकाचा), गिअरबॉक्सचा किंवा टॉर्चचा.

आता तुकडा थंड होऊ द्या, उन्हात न्या आणि सावकाश वाचा.

आधी खालची बाजू. कडेला जाड, फुगीर स्लॅग (वितळून चिकटलेलं लोखंड) असेल आणि छिन्नीच्या एका टोल्यात निघत असेल, तर वेग कमी होता. ती ऑपरेटरची चूक, मशीनची नव्हे. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारी रेघ असेल, तर वेग जास्त होता. दोन्हींवर सेटिंगचा उपाय आहे, म्हणून स्लॅग बघून सौदा मोडू नका.

मग गुण्या लावा, चारही कडांना. प्लाझ्मात हवा गोल फिरत बाहेर पडते. त्यामुळे टॉर्च ज्या दिशेला चालतो त्याच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावी तिरकस. म्हणून बाहेरची रेघ घड्याळाच्या दिशेनं आणि आतली भोकं उलट दिशेनं कापतात. तसं कापूनही चारही कडा सारख्या तिरक्या, वर अरुंद आणि खाली रुंद असतील, तर टॉर्च उंच चालतोय, म्हणजे टीएचसी तपासा. एकच कड तिरकी आणि समोरची उलट्या बाजूला तिरकी, तर टॉर्च कलला आहे. ते दहा मिनिटांचं काम. कडा कुठं बऱ्या, कुठं वाईट, असं काहीही असेल तर नोझल झिजलंय. नवं नोझल-इलेक्ट्रोड घालून पुन्हा कापायला लावा. जाताना त्या टॉर्चला बसणारा एक सेट खिशात टाकून गेलात तर "आज नवीन नोझल नाही बघा" हे ऐकावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ वर्तुळाला द्या. घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊ या ठिकाणी बोट फिरवा. तिथं चपटेपणा किंवा छोटी पायरी लागली तर ती बॅकलॅश. या चार जागी एकेक मोटर दिशा बदलते आणि दात व रॅकमधली ढिलाई तिथंच उमटते. वर्तुळ अंड्यासारखं आलं असेल तर दोन अक्षांचं माप जुळत नाही किंवा गॅन्ट्री गुण्यात नाही. जिथून कट सुरू झाला तिथली बारीक खाच सगळ्याच प्लाझ्मात येते, तिच्याकडं दुर्लक्ष करा. १२ एमएमचं भोक १२ एमएमच्या प्लेटमध्ये वाईटच येणार. चांगल्या टेबलावरही जाडीच्या दीडपटीखाली बोल्टचं भोक मी ग्राहकाला कबूल करत नाही, तिथं नुसतं सेंटर मारून ड्रिल करतो.

कापून झाल्यावर, न कापता

टॉर्चच्या होल्डरला मार्कर पेन बांधा आणि सोर्स बंद ठेवून मोठ्या शीटवर १००० एमएमचा चौकोन काढायला लावा. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन्ही १४१४ एमएम यायला हवेत. एकमेकांत १ एमएमचा फरक मी चालवून घेतो, ३-४ एमएम आला तर गॅन्ट्री एका बाजूला ओढली गेलीय. दोन मोटरवाल्या गॅन्ट्रीत एका बाजूच्या पिनियनचा ग्रब स्क्रू सैल झाला की हेच होतं.

मग शून्य बिंदूवर पंचानं खूण करा आणि वीस मिनिटांचा कुठलाही प्रोग्राम फुल वेगात कोरडा चालवायला लावा. परत शून्यावर आल्यावर टॉर्च त्याच खुणेवर पाहिजे. सरकला असेल तर मोटरच्या स्टेप चुकतायत: ड्राइव्ह तापतोय, केबल तुटकी आहे किंवा रूळ कुठंतरी अडतोय. ड्रॅग चेनमधल्या केबल वाकवून बघा, वाळलेल्या केबलला चिरा दिसतात.

टीएचसीची परीक्षा सोपी आहे आणि माझ्यासारख्यानं ती न करणं म्हणजे हद्द होती. लांब पट्टीच्या एका टोकाखाली २०-२५ एमएमचा तुकडा सरकवा आणि खालून वर सरळ रेघ कापायला लावा. टॉर्च आपोआप वर चढला पाहिजे आणि प्लेटपासूनचं अंतर सारखं राहिलं पाहिजे. मग एक काटकोन कापा. कोपऱ्यावर वेग कमी होतो, आर्कचं व्होल्टेज वाढतं, आणि टीएचसी तिथं लॉक होत नसेल तर टॉर्च प्लेटमध्ये नाक खुपसतो.

कंट्रोलर, डोंगल आणि पासवर्ड

यंत्र बरं निघालं तरी इथं अडकतो माणूस. स्टारफायरसारखा स्वतंत्र कंट्रोलर असेल तर त्याचा पॅरामीटरचा पासवर्ड विकणाऱ्याकडून तिथंच टाकून घ्या आणि प्रत्येक पान मोबाईलवर फोटो काढून ठेवा: एका मिलिमीटरला किती पल्स, वेग, अ‍ॅक्सिलरेशन, पिअर्सचा वेळ. बॅटरी गेली आणि पॅरामीटर पुसले गेले तर हे फोटोच मशीन उभं करतात.

कॉम्प्युटरवर माक-३ हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असेल तर बघा की ते पॅरलल पोर्टवर चालतंय का. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणजे तो जुना पीसी बिघडला की तसलाच जुना पीसी शोधत फिरा, नाहीतर युएसबी किंवा इथरनेटचं मोशन कार्ड घ्या. तेवढे पैसे आजच भावातून वजा करा. नेस्टिंगचं (प्लेटवर तुकडे मांडायचं) सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे युएसबीच्या किल्लीवर, चालत असेल तर डोंगल सौद्यात आहे असं बिलावर लिहून घ्या. "ते पोरगं घेऊन गेलं, पाठवतो" हे वाक्य मी ऐकलंय, डोंगल अजून यायचा आहे.

वीज, आणि लूमच्या शेडाचा घोळ

हा भाग सोलापूरकरांनी नीट वाचावा. १०० अँपिअरचा सोर्स साधारण १२ किलोवॅट बाहेर देतो, म्हणजे आत १४ च्या आसपास ओढतो. ५ एचपीचा कॉम्प्रेसर पावणेचार किलोवॅट. ड्राइव्ह, ब्लोअर, दिवे मिळून एखाद-दोन. झाले १९-२०, आणि अजून वेल्डिंग मशीन नि ग्राइंडर धरलेच नाहीत. महावितरणच्या दरात लघुदाब औद्योगिक ग्राहकांचे २० किलोवॅटपर्यंत आणि त्याच्यावर असे दोन गट आहेत. वरच्या गटात मागणी आकार लागतो आणि पॉवर फॅक्टर सांभाळावा लागतो. त्यामुळे टेबलाच्या किमतीसोबत मंजूर भार वाढवण्याचा खर्च आणि पुढचं मासिक बिल दोन्ही धरा.

दुसरं असं की आपल्याकडं चादरी-टॉवेलचे लूम काढून त्याच शेडात फॅब्रिकेशन सुरू करतात. यंत्रमागाचा वीजदर हा वेगळा गट आहे. मीटर यंत्रमागाचं आणि त्यावर प्लाझ्मा चालवला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. भाड्याचा शेड असेल तर मालकाला "मीटर कशाचं आहे ओ?" हे विचारूनच टेबल उतरवा.

थ्री फेजचं व्होल्टेज संध्याकाळी मोजा, सकाळी नव्हे. खाली जात असेल तर सर्वो स्टॅबिलायझर लागेल.

हवा आणि अर्थिंग

८५ अँपिअरच्या सोर्सला साडेपाच-सहा बारवर मिनिटाला सुमारे १९० लिटर हवा लागते. कॉम्प्रेसर त्याच्या दुप्पट देणारा असावा, म्हणजे तो मधूनमधून थांबतो आणि हवा थंड राहते. पण खरी अडचण पाण्याची नि तेलाची. आर्क न पेटवता, नुसतं गॅस टेस्ट चालू करून, टॉर्चसमोर पांढरा कागद अर्धा मिनिट धरा. ठिपके दिसले तर ते पाणी किंवा तेल आहे आणि तुमचा इलेक्ट्रोड आठवड्याऐवजी दिवसात जाणार. रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्याच. त्यावर वाचवलेले पैसे नोझल-इलेक्ट्रोड विकणाऱ्याच्या गल्ल्यात जातात. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा ठिपका असतो. तिथला खड्डा दीड एमएमच्या पुढं गेला की इलेक्ट्रोड टाकून द्या, नाहीतर तो जाताना नोझल घेऊन जातो.

अर्थिंगला आपली जमीन सोपी नाही. वर थोडी काळी माती, खाली मुरूम आणि खडक. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरता उरतो. टेबलासाठी स्वतंत्र खड्डा करा आणि टेबल, सोर्स, कंट्रोलरचं कॅबिनेट या सगळ्यांच्या वायरी वेगवेगळ्या आणून एकाच बिंदूवर जोडा, एकातून दुसऱ्याला नव्हे. मार्च ते जून खड्ड्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी टाका. आमच्याकडं कूलर भरणाऱ्या पोराकडंच ते काम दिलंय, म्हणजे विसरत नाही.

कागद आणि वाहतूक

मशीनवर बँकेच्या नावाची पट्टी आहे का बघा. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी, पैसे नंतर. जीएसटी बिल घ्या. हैदराबाद किंवा कर्नाटकातून आणत असाल तर ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं.

सोडवताना घाई करू नका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा आणि सगळ्याचा व्हिडिओ काढा. गॅन्ट्री उतरवून वेगळी पॅक करा. एलएम रुळांवर (गॅन्ट्री ज्यावर सरकते त्या) तेल चोपडून, पुठ्ठा बांधून घ्या. हायड्रा क्रेनवाल्याला बजावून सांगा की साखळी रुळावरून जाता कामा नये, पट्टा सांगाड्याच्या खालूनच. गाडीत बांधताना दोरखंडाचा ताण गॅन्ट्रीवर येऊ देऊ नका. एका गाडीवाल्यानं घट्ट आवळल्यामुळं रुळाला आलेला पोक काढायला आम्हाला दोन दिवस लागले.

बसवणं

पाण्याचं टेबल (प्लेटखाली पाण्याचा हौद असलेलं) असेल तर लेव्हल करायची सोपी युक्ती आहे: पाणी भरा. पाणी कधी खोटं बोलत नाही. चारही कोपऱ्यांत रुळापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि पायाचे बोल्ट फिरवून ते सारखं करा. १५०० × ३००० च्या टेबलात १५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ६७५ लिटर. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा टाकीची सोय आधी करा. मे महिन्यात उडणारं पाणी भरत राहायचं हेही लक्षात ठेवा. गंजरोधक पावडर टाका, नाहीतर कापलेली पाटी दुसऱ्या दिवशी तांबडी होते.

पाण्यावर अॅल्युमिनियम कापू नका. वितळलेलं अॅल्युमिनियम पाण्याशी मिळून हायड्रोजन तयार करतं, तो प्लेटखाली साठतो आणि पुढच्या आर्कला उडतो. जस्त चढवलेल्या पत्र्याचा धूर ताप आणतो, स्टेनलेसचा त्याहून वाईट. ही कामं ब्लोअर लावून, दारं उघडी ठेवून. आर्ककडं वेल्डिंगच्या ८-९ नंबरच्या काळ्या काचेशिवाय बघायचं नाही. नोझल बदलताना सोर्सचा मेन बंद, कारण टॉर्चवर दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात.

सेटिंगचा क्रम असा ठेवा: अर्थ, हवा, लेव्हल, गॅन्ट्रीचे कर्ण, टॉर्चचा गुण्या, आणि सगळ्यात शेवटी वेग-करंट. बहुतेक जण उलट करतात आणि वेगाशी खेळून टॉर्चचा कल सुधारायचा प्रयत्न करतात. सोर्सच्या पुस्तकातला कट चार्ट धरून सुरुवात करा. पिअर्सची उंची कटच्या उंचीच्या दीड ते अडीचपट ठेवा, म्हणजे उडालेलं लोखंड नोझलवर चिकटत नाही. छोट्या भोकांना वेग बाहेरच्या कडेच्या साठ टक्के आणि टीएचसी बंद. मग जाडीप्रमाणं तुमचे आकडे एका पाटीवर लिहून कंट्रोलरशेजारी लावा. दुसऱ्या शेडचे आकडे तुमच्या हवेवर आणि तुमच्या व्होल्टेजवर चालत नाहीत.

भाव

भाव महिन्यागणिक हलतो, म्हणून आकडा देत नाही, रीत सांगतो. त्याच सोर्सची नवी किंमत विचारा आणि वय, तास बघून निम्म्याच्या आसपास धरा. टेबल, गॅन्ट्री, मोटर यांना वेगळी किंमत लावा. मग तुकडा समोर ठेवून वजाबाकी करा: पिनियन, केबल, खालच्या पट्ट्या, मोशन कार्ड, ड्रायर, वाहतूक, भार वाढवणं. विकणाऱ्याशी वाद घालावा लागत नाही, वर्तुळावरून त्याचंच बोट फिरवायला सांगायचं. दुसऱ्या टेबलाच्या वेळी मी तसंच केलं. त्यानं बोट फिरवलं, तीनच्या जागी थांबला, हसला आणि म्हणाला, "बरं, किती देता?"

त्या दिवशीचा ३०० एमएमचा चौकोन आमच्या कंट्रोलरवर खिळ्याला टांगलाय. दर महिन्याच्या एक तारखेला तसाच एक कापून त्याच्याशेजारी धरतो. गेल्या पावसाळ्यात नऊच्या जागी बोटाला पायरी लागली. त्याच दिवशी डाव्या पिनियनचा ग्रब स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला.